बास्करव्हिल फिका का पडतो? आधी कागद बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: आजोबांची मराठी पत्रं डाव्या पानावर आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद उजव्या पानावर, असं 240 पानांचं डेमी आकाराचं पुस्तक आहे. इंग्रजीसाठी तुम्ही बास्करव्हिल हा फॉन्ट निवडलात. स्क्रीनवर तो देखणा दिसला, पण प्रूफ हातात आलं तेव्हा अक्षरं फिकी आणि अशक्त वाटली. छापखानेवाले म्हणतात, "टाइम्स टाका, कटकट मिटेल." तर टाइम्स टाकावा का, आणि बास्करव्हिल नेमका कशासाठी चांगला?

टाइम्स टाकू नका, निदान एवढ्यात तरी. तुमची तक्रार खरी आहे, पण दोष अक्षराच्या वळणाचा नाही. बास्करव्हिल हा कागद, शाई आणि यंत्र यांच्यासकट घडवलेला टाइप आहे. आपण त्यातलं फक्त अक्षर उचलतो, बाकीचं सोडून देतो, आणि मग ते अक्षर उघडं पडतं. हे मी स्वतः पाचशे प्रती छापून शिकलो आहे. ते पुढे सांगतो.

आधी फॉन्टच्या यादीत जाऊन पूर्ण नाव वाचा. वर्डबरोबर आलेला 'बास्करव्हिल ओल्ड फेस' असेल, तर निम्मं उत्तर तिथेच सापडलं. नावात बास्करव्हिल असलं तरी हे मूळ रचनाकार जॉन बास्करव्हिलच्या हातचं अक्षर नव्हे. 1760च्या दशकात ब्रिस्टलच्या फ्राय यांच्या टाइप फाउंड्रीसाठी आयझॅक मूर यानं बास्करव्हिलच्या धर्तीवर छपाईचे धातूचे खिळे तयार केले, त्या घराण्यातला हा फॉन्ट. जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसाएवढी. मुखपृष्ठावर 36 पॉइंटला तो राजबिंडा दिसतो. 10 पॉइंटला त्याच्या बारीक रेघा गळून पडतात आणि डोळ्यांना नुसत्या उभ्या काड्यांची रांग दिसते. शिवाय त्याला स्वतःचं तिरपं रूप नाही आणि ठळक रूपही नाही. तुम्ही इटालिकचं बटण दाबलं की वर्ड सरळ अक्षरच वाकवून देतं, आणि ते कुणाही जाणत्या माणसाला लांबून ओळखू येतं.

यादीत नुसतं 'बास्करव्हिल' असेल आणि तुम्ही मॅकवर काम करत असाल, तर तुमच्याकडे मोनोटाइप या टाइप कंपनीच्या घराण्यातला आहे. तो चांगला आहे. मग फिकेपणाचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल, आणि त्यासाठी थोडं मागे जाऊ.

जॉन बास्करव्हिल मूळचा छापखान्यातला माणूस नव्हे. इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यातल्या वुल्व्हर्ली गावचा. तरुणपणी बर्मिंगहॅमला येऊन तो मुलांना सुलेखन शिकवायचा आणि थडग्यांचे दगड कोरायचा. 'थडग्याचे दगड कोणत्याही वळणात कोरून मिळतील' अशी जाहिरात त्यानं एका पाटीवर वेगवेगळ्या वळणांत कोरली होती, ती पाटी बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. पुढे धातूच्या तबकांवर जपानी धाटणीचं चकचकीत लाखकाम करण्याच्या धंद्यात त्यानं बख्खळ पैसा मिळवला. छपाईकडे तो वळला चाळिशी ओलांडल्यावर, 1750च्या सुमारास. त्यामुळे त्याच्या अक्षरात दोन हात मिसळलेले दिसतात: टोकदार लेखणीनं लिहिणाऱ्याचा सफाईदार हात, आणि दगडावर छिन्नी चालवणाऱ्याचा ठाम हात. लाखकामातून त्याला काळ्या रंगाची चमक कळली होती, हे मी माझ्या पदरचं जोडतो.

त्याचं पहिलं पुस्तक, लॅटिन कवी व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती, निघालं 1757 मध्ये. म्हणजे तयारीतच सातएक वर्षं गेली. पोलादी ठसे (ज्यांपासून पुढे खिळे घडतात) कोरण्याचं काम जॉन हँडी या कारागिरानं केलं, आराखडे आणि हट्ट बास्करव्हिलचे. एवढ्या वर्षांत त्यानं नुसती अक्षरं काढली नाहीत. त्या काळचा हातकागद जाळीच्या रेघा उमटलेला, खडबडीत असायचा. जेम्स व्हॉटमनच्या गिरणीतला नवा, विणीच्या जाळीवर केलेला गुळगुळीत कागद त्यानं व्हर्जिलच्या काही भागासाठी वापरला. शाई स्वतः घोटली, नेहमीपेक्षा गडद. यंत्राची बैठक पितळेची करून घेतली आणि कागदामागचं मऊ अस्तर काढून कडक केलं, म्हणजे खिळा कागदात खोल रुतणार नाही आणि शाई कडेनं पसरणार नाही. छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढले. हे सगळं एकाच गोष्टीसाठी: बारीक रेघ बारीकच उमटावी, पण काळी उमटावी. या वाक्याचा उत्तरार्ध आपण विसरतो, आणि तुमच्या प्रुफाचं दुखणं तिथेच आहे.

लोकांना हे लगेच रुचलं असं नाही. 'या माणसाच्या बारीक रेघांनी देशभरचे वाचक आंधळे होतील' अशी टीका झाली. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक, आणि बास्करव्हिलचा चाहता. त्यानं 1760 मध्ये बास्करव्हिलला लिहिलेल्या पत्रात एक मजा सांगितली आहे. असाच एक टीकाकार घरी आला असताना फ्रँकलिननं कॅसलॉन या दुसऱ्या इंग्रज टाइपकाराच्या टाइपचा नमुना काढला, वरचं नाव फाडलं आणि हा बास्करव्हिलचा नमुना म्हणून पुढे ठेवला. त्या गृहस्थानं अक्षर अक्षर दाखवून त्यातले दोष सांगितले, डोळे दुखायला लागल्याचंही सांगितलं. तो वाचत आला होता त्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांचा टाइप कॅसलॉनच होता. फॉन्टबद्दल कुणी फार ठासून बोलायला लागलं की मला हा किस्सा आठवतो. स्वतःच्या बाबतीतही.

आता वळणाकडे. कॅसलॉन किंवा गॅरामाँडसारख्या जुन्या टाइपांमध्ये रुंद टाकाचा हात दिसतो: गोल अक्षराचा जाड भाग किंचित कललेला असतो. बास्करव्हिलमध्ये तो जवळजवळ उभा होतो. जाड-बारीक रेघांतला फरक वाढतो, सेरिफची (अक्षराच्या टोकांना असलेल्या छोट्या रेघांची) टोकं धारदार आणि आडवी होतात, गोल अक्षरं खरोखर गोल आणि ऐसपैस. पण तो बोदोनी किंवा दिदो या नंतरच्या टाइपांइतका टोकाला जात नाही. सेरिफ खांबाला वळणदार जोडलेली राहते, म्हणून पान कोरडं होत नाही. टाइपच्या इतिहासात याला संक्रमणकाळातला म्हणतात. मला हा शब्द फारसा आवडत नाही, कारण तो जणू कुठेतरी जाता जाता वाटेत थांबला आहे असं वाटतं.

ओळखायच्या खुणा सांगतो. छोटा 'जी' बघा: खालचा फुगा पूर्ण बंद होत नाही, डावीकडे उघडा राहतो. मोठ्या 'क्यू'चं शेपूट लांबलचक, डौलदार पसरलेलं. मोठ्या 'ई'चा खालचा हात वरच्यापेक्षा बराच पुढे आलेला. मोठ्या 'सी'ला वर आणि खाली दोन्हीकडे सेरिफ. तिरप्या रूपात मोठे 'जे', 'टी', 'वाय' लेखणीची लकब घेऊन येतात, तिथे सुलेखनाचा मास्तर अजून हजर असतो. तुमच्या पुस्तकात पत्रं आहेत. पत्राचा मायना आणि तारीख या इटालिकमध्ये लावून बघा, या फॉन्टची किंमत तिथे वसूल होते.

बास्करव्हिलच्या हयातीत मात्र किंमत वसूल झाली नाही. 1758 मध्ये केंब्रिज विद्यापीठानं त्याला मुद्रक नेमलं, 1763 मध्ये त्यानं मोठ्या आकाराचं बायबल छापलं. आज ते त्याचं सर्वोत्तम काम मानतात, तेव्हा ते खपलं नाही. गंमत म्हणजे हा गृहस्थ पक्का नास्तिक. आपल्याला चर्चच्या भूमीत नको, स्वतःच्या बागेतच पुरा असं त्यानं लिहून ठेवलं होतं. 1775 मध्ये तो वारल्यावर पत्नी सारा हिनं काही वर्षांनी टाइपचा सगळा संच फ्रान्समध्ये विकला. घेणारा नाटककार बोमार्शे. त्याला व्होल्तेरचं समग्र साहित्य छापायचं होतं, आणि फ्रान्समध्ये त्यावर बंदी, म्हणून त्यानं सीमेपलीकडे ऱ्हाइनकाठी केल या गावात छापखाना थाटला. ते ठसे पुढे दीडशेहून जास्त वर्षं फ्रेंच फाउंड्र्यांमध्ये हात बदलत राहिले. 1953 मध्ये पॅरिसच्या देबर्नी-पेन्यो या फाउंड्रीनं ते केंब्रिजला भेट दिले, तेव्हा घरी परतले. मधल्या काळात इंग्लंड त्याला विसरलंच होतं. विसाव्या शतकात अमेरिकी ग्रंथरचनाकार ब्रूस रॉजर्स यानं त्याच्याकडे पुन्हा लक्ष वेधलं, 1923 मध्ये मोनोटाइपनं त्याचं यंत्रजुळणीसाठी पुनरुज्जीवन केलं, 1931 मध्ये लायनोटाइपनं.

आता माझी फजिती. बरीच वर्षं झाली. अनुवादित कवितांचं एक छोटं पुस्तक होतं. माझ्याजवळ मोनोटाइप बास्करव्हिलमध्ये खिळ्यांवर छापलेली एक जुनी इंग्रजी प्रत होती, ती समोर ठेवून मी तोच आकार, तेच लेडिंग (ओळींचं अंतर) लावलं. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या आजच्या छपाईवर, पाचशे प्रती काढल्या. पुस्तक हातात घेतलं तर पानावर धुकं पसरल्यासारखं. कितीतरी दिवस मला कळेना. शेवटी भिंगाखाली दोन्ही पानं शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. जुन्या प्रतीत खिळा कागदावर दाबला गेल्यामुळे शाई कडेनं थोडी बाहेर आली होती, प्रत्येक रेघ मूळ आराखड्यापेक्षा अंमळ जाड. डिजिटल फॉन्ट आराखड्याइतकाच सडपातळ होता, आणि ऑफसेटच्या प्लेटनं तो इमानदारीनं तसाच उतरवला. दाबामुळे मिळणारं अंगावरचं मांस कुणी घातलंच नव्हतं. वर मी कवीच्या आग्रहाखातर मजकूर शुद्ध काळ्याऐवजी 80 टक्के काळ्यात दिला होता, 'मवाळ दिसावं' म्हणून. त्यानं उरलासुरला जीव गेला.

त्यातला हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण ही चूक मी आजही दर महिन्याला बघतो. मजकुराचा रंग करडा दिलात की छपाईत तो ठिपक्यांच्या जाळीतून तयार होतो. जाड रेघ ते सोसते, बारीक रेघेच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. उलट टोकाची चूक म्हणजे चार रंग मिसळून केलेला काळा. प्लेटा केसभर सरकल्या तरी बारीक रेघेला रंगीत सावली येते. वर्डमधून थेट पीडीएफ काढली की नकळत हाच प्रकार होऊ शकतो. तुमच्या फायलीत मजकूर 100 टक्के काळा आणि फक्त काळ्याच प्लेटवर आहे ना, हे छापखान्याकडून खात्री करून घ्या. माझा अंदाज, तुमचं दुखणं इथेच बरंचसं बरं होईल. आणखी एक: प्रूफ कशावर काढलं होतं? ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर साध्या झेरॉक्स कागदावर काढलं असेल, तर त्यावरून निकाल देऊ नका. ज्या कागदावर पुस्तक छापायचं त्याच कागदावर, त्याच यंत्रावर चार पानं काढून मागा. थोडे पैसे मोजा, पण मागा.

कागदाचं म्हणाल तर 80 जीएसएम वजनाचा नॅचरल शेड, म्हणजे पिवळसर, मॅपलिथो घ्या, पृष्ठभाग जितका गुळगुळीत मिळेल तितका. पिवळसर झाकेवर हा फॉन्ट शुभ्र कागदापेक्षा चांगला बसतो, कारण शुभ्र कागदाचा लख्खपणा बारीक रेघांना दोन्ही बाजूंनी खातो. स्वस्त, शोषून घेणाऱ्या कागदावर उलटंच होतं: शाई पसरते, उघडा 'जी' बुजतो, फॉन्टचा स्वभावच जातो. पुस्तक अशा कागदावर जाणार असेल तर मी स्वतः टाइम्सच घेईन, आणि त्यात कमीपणा मानणार नाही. 1932 मध्ये लंडनच्या 'द टाइम्स' या वृत्तपत्रासाठी तो केला तेव्हा वेगानं छापलेल्या अरुंद रकान्यात जास्त मजकूर मावणं हीच गरज होती. तुमच्या पुस्तकाची गरज ती नाही. आजोबांची पत्रं सावकाश वाचली जाणार आहेत.

बाजारात मिळणाऱ्या रूपांपैकी मोनोटाइपचा मला खिळ्यांच्या छपाईच्या सर्वात जवळचा वाटतो, पण वर सांगितलं तसा तो अंगानं बारीक आहे. त्याला चांगला कागद द्यावाच लागतो. आयटीसी या कंपनीचा न्यू बास्करव्हिल जास्त सफाईदार आणि जास्त चमकदार, मला तो मासिकाच्या पानावर आवडतो, पुस्तकात जरा थंड वाटतो. लिब्रे बास्करव्हिल फुकट आहे. पाब्लो इम्पायारी यांच्या गटानं तो मुख्यतः स्क्रीनसाठी केला, त्यामुळे त्याच्या छोट्या अक्षरांची उंची जास्त, पोटं मोकळी, बारीक रेघा थोड्या जाड. तुमचं बजेट तुटपुंजं असेल तर हा घ्या, पण आकार उतरवा: मोनोटाइपला 11 पॉइंट लागत असेल तिथे याला 9 किंवा साडेनऊ पुरतो. 11 ठेवलात तर पुस्तक लहान मुलांचं वाटेल. मिसेस ईव्ह्ज हा झुझाना लिच्को हिनं 1996 मध्ये केला, नाव बास्करव्हिलच्या पत्नी साराचं, लग्नाआधी ती त्याची घरव्यवस्था बघायची तेव्हाचं. हा मुद्दाम खिळ्यांच्या छपाईची ऊब आणण्यासाठी भरीव केलेला आहे, पण छोटी अक्षरं फारच बुटकी आणि अक्षरांतलं अंतर सैल. निमंत्रणपत्रिका, मुखपृष्ठ, कवितेची शीर्षकं यासाठी सुंदर. 240 पानं त्यात लावू नका, डोळा प्रत्येक शब्दाशी अडखळतो.

मांडणीचे आकडे देतो, पण ते सुरुवात म्हणून धरा. डेमी पानावर मोनोटाइप बास्करव्हिल 11 पॉइंट, लेडिंग साडेचौदा. ओळीत साठ ते पासष्ट अक्षरं. हा फॉन्ट ऐसपैस आहे, टाइम्सच्या तुलनेत पानं वाढणार, एखाददुसरा फर्मा (एका तावावर छापला जाणारा पानांचा गट) जास्त धरूनच कागदाचा हिशेब करा. पानं वाचवण्यासाठी अक्षरांतलं अंतर आवळू नका. गोल अक्षरांना श्वास घ्यायला जागा हवी असते, आवळलं की तो घुसमटतो. फोटोंखालच्या ओळी 7 पॉइंटला लावायच्या असतील तर तिथे दुसरा, साधा सेरिफ नसलेला फॉन्ट घ्या. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं नकोतच, शाई बारीक रेघा गिळते. फारच हवी असतील तर सेमीबोल्डमध्ये, 14 पॉइंटच्या वर.

डावीकडच्या मराठीचं काय? इथे बहुतेक द्विभाषिक पुस्तकं फसतात. इंग्रजीला असा जाड-बारीक रेघांचा फॉन्ट द्यायचा आणि देवनागरीला सगळीकडे एकाच जाडीचा, म्हणजे एका पानावर सनई आणि दुसऱ्यावर ढोल. देवनागरीतही रेघ जाड-बारीक होणारा फॉन्ट निवडा. मात्र दोन्हींची जाडी एकाच जागी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्या बोरूचा छेद इंग्रजी टाकाच्या उलट्या कलाचा, त्यामुळे तिकडे जिथे रेघ फुगते तिथे इकडे ती निमुळती होते. जुळवायचा असतो पानाचा एकूण काळेपणा. तिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळणारा फॉन्ट या कामी मला पटतो: रेघेला चढउतार आहे, आणि 'ल' व 'श' मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. आजोबांच्या पत्रांना हिंदी 'श' लावू नका हो. आकार डोळ्यांनी ठरवा. दोन्ही पानं भिंतीला टेकवून आठ-दहा फुटांवरून डोळे किलकिले करून बघा. ज्या बाजूचा करडेपणा जास्त गडद, तो फॉन्ट अर्ध्या पॉइंटनं कमी करा. मात्रा, वेलांट्या आणि उकारांमुळे देवनागरीला लेडिंग जास्त लागतं. दोन्ही पानांच्या ओळी समोरासमोर याव्यात असं वाटत असेल तर देवनागरीचं लेडिंग आधी ठरवा आणि इंग्रजीला तेच द्या. बास्करव्हिलला जास्तीचं लेडिंग मानवतं, गॅरामाँडइतकं ते त्याच्यात विस्कटलेलं दिसत नाही.

राहता राहिली एक अडचण, ती तुमच्या प्रश्नात नव्हती पण येणारच. अनुवादात गावांची, माणसांची नावं असतील, आणि अनुवादक काटेकोर असेल तर तो 'ळ', 'ण', 'ठ' दाखवायला रोमन अक्षराखाली ठिपका देईल, 'आ', 'ई' दाखवायला डोक्यावर आडवी रेघ. ही चिन्हं सगळ्या बास्करव्हिलांत नसतात. नसली की सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टातलं अक्षर आणून बसवतं आणि 'लोणावळा' हा शब्द मधूनच टाइम्समध्ये दिसतो. प्रुफात हे पटकन लक्षात येत नाही, छापून आल्यावर मात्र त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. तेव्हा फॉन्ट विकत घेण्याआधी 'विठ्ठल, कृष्णा, लोणावळा, ज्ञानेश्वरी' एवढे चार शब्द चिन्हांसकट त्यात लावून बघा, सरळ आणि इटालिक दोन्हींत. सगळी अक्षरं एकाच घरची निघाली तर पुढे जा. नाही निघाली तर अनुवादकाशी बोलून ठिपके आणि रेघा काढून टाका, किंवा फॉन्टचं दुसरं रूप शोधा. नवी प्रुफं निघाली की त्यातलं एक पान पाठवा. पण फोटो नको, टपालानं खरं पानच पाठवा.